कागदोपत्री ठणठणीत

स्कोडाची २०१७ सालची ऑक्टाव्हिया आरएस शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग ६.८ सेकंदांत गाठते, असं कंपनी सांगते. मला सोफ्यावरून उठायला त्याहून जास्त वेळ लागतो, असं घरचे सांगतात. तरीही आमचं दोघांचं जमेल असं मी मनाशी धरून बसलो होतो, आणि मी एकदा काही मनाशी धरलं की ते सुटायला बऱ्यापैकी नुकसान व्हावं लागतं.

या सगळ्याच्या मुळाशी समृद्धी महामार्ग आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि आमच्या कॉलनीतली निम्मी बिऱ्हाडं एकाएकी साईभक्त झाली. आम्हीही झालो. मोटारींना १२० ची मुभा असलेल्या त्या रस्त्यावर आमची घरची जुनी छोटी गाडी मी हाकत होतो. नव्वदीच्या पुढे काटा गेला की डॅशबोर्डवरचा गणपती आपणहून प्रदक्षिणा घालू लागायचा, मागच्या सीटवर सासूबाई रामरक्षेचा आवाज चढवायच्या, आणि उजव्या अंगाने अशा काही गाड्या निघून जायच्या की आधी वारा लागायचा, मग आवाज यायचा आणि मान वळवेपर्यंत समोर नुसता रस्ता. त्यातल्याच एका लाल गाडीच्या पाठीवर मला ‘आरएस’ ही दोन अक्षरं दिसली. शिर्डीत हात जोडून मी काय मागितलं, ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

या गाडीशी माझी चुकामूक जुनी आहे. पहिली ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे २००४ साली आली, तेव्हा मी स्कूटर रिझर्व्हला लावून महिनाअखेर काढत होतो. २०१७ साली ती दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि २३० घोड्यांची ताकद घेऊन आली, तेव्हा तिची शोरूममधली किंमत साडेचोवीस लाखांच्या पुढे होती आणि आमच्याकडे मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरणं चालू होतं. २०२० मध्ये २४५ घोड्यांची आली ती अख्ख्या देशासाठी मिळून २०० गाड्या, किंमत छत्तीस लाखांच्या घरात, आणि तरी सगळ्या हातोहात संपल्या. त्या दोनशे जणांत आपण नाही याचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं. उरलेले एकशे चाळीस कोटीही नाहीत, हे बायकोने लक्षात आणून दिलं.

राहिला मार्ग सेकंडहँडचा. सेकंडहँड म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना मी सचिनच्या फेरारीचा दाखला देतो. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल मिळालेली ती लाल ३६० मोडेना, जिचं आयातशुल्क माफ करावं की नाही यावर देशभर लोक भांडले, ती शेवटी २०११ साली सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतलीच की. म्हणजे तोही सेकंड ओनरच.

“त्यांनी निदान पहिला मालक कोण ते बघून घेतली होती,” बायको म्हणाली.

माझा एक भाचा पुण्याकडे गाड्यांच्या धंद्यातच आहे. त्याला फोन केला तर तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, “मामा, घ्यायचीच तर घ्या, पण सर्व्हिस हिस्ट्री बघितल्याशिवाय एक रुपयासुद्धा देऊ नका.” आणि मग त्याने मला जे समजावून सांगितलं, ते मी मान डोलावत ऐकलं. साध्या गाडीची एखादी सर्व्हिसिंग चुकली तर ती चार दिवस कुरकुर करते आणि विसरते. टर्बोवाली विसरत नाही. तिच्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, आणि तो तरंगतो इंजिन ऑइलच्या पातळशा थरावर. एकाने कंजूसपणा करून तेल उशिरा बदललं की त्याचं बिल दुसऱ्याच्या नावाने फाटतं. २०१७ च्या आरएसचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दोन क्लचचा आणि तेही तेलात बुडालेले, त्यालाही साठ हजार किलोमीटरला स्वतःचं वेगळं तेल आणि फिल्टर लागतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, काही पोरं लॅपटॉप लावून इंजिनचं सॉफ्टवेअर बदलतात, पन्नास-साठ घोडे जास्तीचे जुंपतात, दोन वर्षं सिग्नलवरून रॉकेट सोडतात, आणि विकायच्या आदल्या दिवशी सगळं होतं तसं करून ठेवतात. “गाडीवर काही दिसत नाही मामा. पण बिलात दिसतं. बारा हजार किलोमीटरला ब्रेक पॅड संपले असतील, वर्षभरात टायर बदलले असतील, तर समजायचं.”

“म्हणजे कागदच तपासायचे ना?” मी विचारलं.

“कागदच.”

मी फोन ठेवला आणि बराच वेळ स्वतःशी हसत बसलो. कारण वाचकहो, मी ऑडिटमधला माणूस. उभी नोकरी दुसऱ्यांची व्हाउचरं तपासण्यात गेली. एका तालुक्याच्या जीपने गॅरेजात उभ्या उभ्या चाळीस लिटर डिझेल प्यायलं होतं, ते पकडणारा मीच. ज्याच्या हिरव्या पेन्सिलीला भलेभले हेडक्लार्क वचकून होते, त्याला सर्व्हिसिंगच्या चार पावत्या काय दमवणार! मी नागपुरातल्या महाल भागातून लाल कापडी बांधणीचं रजिस्टर आणलं, त्यात रकाने आखले: तारीख, किलोमीटर, चेसिस नंबर, तेल, गिअरबॉक्सचं तेल, ब्रेक, टायर, विम्याचा क्लेम, शेरा. मोबाइलवर सरकारचं एमपरिवहन उतरवून घेतलं. नंबर टाकला की मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, सगळं दिसतं. सरावासाठी म्हणून आमच्याच गाडीचा नंबर टाकला. पीयूसी संपून वर्ष झालं होतं.

पहिली गाडी पाहिली ती रिंग रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात, ऐन मे महिन्यात, ज्या वेळी नागपुरात कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. विक्रेता तोंडात खर्रा धरून मोठ्या अदबीने उठला.

“डॉक्टरसायबाची गाडी हाय जी. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बस.”

शेजारची पांढरी?

“हेबी डॉक्टरसायबाचीच.”

त्यामागची काळी?

“ते मॅडम डॉक्टर हायेत.”

या शहरात वैद्यकीय महाविद्यालयं बरीच आहेत हे मला माहीत होतं, पण त्यांचं खरं उत्पादन काय आहे ते त्या दिवशी कळलं. मी सर्व्हिस रेकॉर्ड मागितलं. “रेकॉर्ड सब ऑनलाइन हाय जी, पन सर्व्हर डाऊन हाय.” त्याच्या हातात शेवटचं एक बिल मात्र होतं. मी म्हटलं, हरकत नाही, सुरुवात एका व्हाउचरपासूनच होते. चष्मा कपाळावर सरकवला, बॉनेट उघडायला लावलं आणि बिलावरचा सतरा अक्षरी चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी बोट लावून ताडून पाहू लागलो. बाराव्या स्थानावर माझं बोट थबकलं. बिलावर शून्य होतं, गाडीवर चक्क इंग्रजी ओ! अंगावर शहारा आला. जीपच्या डिझेलनंतर इतका निर्मळ आनंद मला झाला नव्हता. मी मोठ्या आवाजात, कार्यालयात बोलतात त्या आवाजात, विचारलं, “हा काय प्रकार आहे?” दोन गिऱ्हाइकं जवळ आली. विक्रेत्याने खर्रा थुंकला. वातावरण असं तयार झालं की आता पोलीस बोलवायचे एवढंच बाकी होतं. तेव्हा बाजूला फडका घेऊन गाडी पुसणारा पोरगा, वर न बघता, म्हणाला, “काका, चेसिस नंबरात ओ राहतच नाई. आय नाई, ओ नाई, क्यू नाई. घोळ होऊ नये म्हणून. तो झिरोच हाय.”

जगभरातल्या मोटारींच्या चेसिस नंबरांत ही तीन अक्षरं वापरायची नाहीत असा नियम आहे, हे मी घरी जाऊन वाचलं. खरं निघालं. म्हणजे माझ्यासारख्या लोकांचा विचार करून आंतरराष्ट्रीय पातळीवर नियम केलेला आहे आणि तरी मी त्यातून वाट काढली.

तोंड लपवायला म्हणून मी टायरपाशी गुडघ्यावर बसलो. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, ते बघा असं भाच्याने सांगितलं होतं. आकडे होते १४१८. मी रजिस्टरात लिहून घेतलं आणि त्या पोरालाच हळूच विचारलं, “चौदावा महिना कसा काय?” तो बिचारा म्हणाला, “आठवडा, काका. २०१८ चा चौदावा आठवडा.” गाडी २०१७ च्या दिवाळीची, मीटरवर बावीस हजार, आणि टायर सहा महिन्यांत नवे. मी शेऱ्यात लिहिलं: ‘टायरची उत्तम काळजी घेतात.’ संध्याकाळी भाच्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “मामा, दवाखाना गोंदियाला होता का?”

तर ती गाडी सुटली. मग दुसरी आली.

दुसरीची जाहिरात मालकाने स्वतः दिली होती. तरुण मुलगा, आयटीतला, अतिशय सालस. त्रिमूर्तीनगरात चौथ्या मजल्यावर नवा फ्लॅट. मी गेलो तेव्हा त्याच्या आईने चहा आणि चिवडा पुढे केला, आणि त्याने जे माझ्यापुढे ठेवलं ते पाहून माझा घास घशातच राहिला. फाइल! निळी, जाड पुठ्ठ्याची, आत प्लास्टिकचे कप्पे, वर्षवार रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या, पहिल्या पानावर अनुक्रमणिका. साहेब, मी सरकारी खात्यांतून अशी फाइल आयुष्यात पाहिलेली नाही. डोळे भरून आले. गाडी खाली उभी आहे, आधी बघून घ्या, असं तो दोनदा म्हणाला. मी म्हटलं, गाडी कुठे पळून जाते, आणि पोथीला बसावं तसा मांडी घालून फाइल वाचायला बसलो.

एकेक पावती वाचली. बारा रुपयांचा वॉशरसुद्धा सोडला नाही. पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असा सर्व्हिसिंगचा नेम अगदी घड्याळ लावून पाळलेला. एका बिलाच्या बेरजेत मला साठ रुपयांची चूक सापडली, गिऱ्हाइकाच्या फायद्याची. ती मी त्याला दाखवली तेव्हा त्याच्या आईने आणखी चिवडा वाढला. मग २०२३ साल आलं. ऑगस्टचं एक साधं बिल होतं, त्यानंतर एकदम डिसेंबर, आणि डिसेंबरचं बिल म्हणजे चार पानं. गाडीच्या आतलं संपूर्ण कार्पेट नवं. मी लिहिलं: ‘स्वच्छतेची आवड.’ दारांतले चारही स्पीकर नवे. ‘रसिक.’ वायरिंगचा जुडगा नवा, इंजिनचं कंट्रोल युनिट नवं, पुढच्या सीटांच्या मोटरी नव्या. ‘खर्चाला मागेपुढे पाहत नाही.’ एकाच बिलात इंजिन ऑइल तीनदा बदललेलं. इथे मात्र मी थांबलो, त्या मुलाकडे कौतुकाने पाहिलं आणि लिहिलं: ‘तेलाच्या बाबतीत कमालीचा जागरूक.’ रक्कम विमा कंपनीने भरली होती. त्यावर शेरा असा: ‘विमा चालू असल्याची खात्री झाली.’ प्रत्येक ओळीवर हिरवी टिक केली.

“आधी कुठे राहायचात?” मी सहज विचारलं.

“डागा लेआउटला, तळमजल्यावर. पण आता तळमजला नको वाटतो, काका.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “डास फार.”

मग खाली जाऊन गाडी पाहिली. आत बसलो, खरं तर आत उतरलो, कारण ती सीट इतकी खाली आहे की तिथे पोचेपर्यंत गुडघे वर राहतात. आरशाला, एसीच्या जाळ्यांना, मागे, सगळीकडे अत्तराच्या कुप्या लटकवलेल्या. मोगरा, चंदन, संत्रं. घराणं सुगंधी आहे, असा विचार मनात आला. किंमत त्याने सांगितली तीच मुळात इतर आरएसपेक्षा बरीच कमी होती. मी त्यातून आणखी पाच हजार घासाघीस करून पाडले आणि नागपुरात अजून व्यवहार कळणारी माणसं आहेत या समाधानात एकवीस हजारांचं टोकन देऊन टाकलं. फॉर्म २९ आणि ३० मी आधीच भरून खिशात नेले होते. त्याच रात्री आमच्या जुन्या गाडीची जाहिरातही टाकून मोकळा झालो. फाइल वाचायला म्हणून घरी मागून आणली होती, ती उशाशी घेऊन झोपलो.

सकाळी उठून बघतो तर बायको मेथी निवडता निवडता तीच फाइल वाचत होती.

“अहो, डागा लेआउटला आपली कुंदामावशीची लेक राहते ना?”

“हो.”

“तिचा फ्रिज त्या रात्री कुठे सापडला होता?”

“शेजारच्यांच्या जिन्यात.” मला तो फ्रिज चांगला आठवत होता. आडवा, दार उघडं, आत वांगी जशीच्या तशी.

“मग ही गाडी त्या रात्री कुठे होती?”

ती रात्र म्हणजे २२ सप्टेंबर २०२३ ची. नागपूरकराला ती तारीख सांगावी लागत नाही. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, एरवी जिच्याकडे आपण नाक दाबून बघतो त्या नाग नदीला नदी असल्याचं आठवलं, आणि पहाटेपर्यंत तलावाच्या खालच्या अंगाच्या सगळ्या वस्त्यांत पाणी होतं. मोरभवनच्या स्टँडवर बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. आपत्ती दलाचे लोक आणि लष्कराचे जवान माणसं बाहेर काढत होते. आमच्याकडे पाणी आलं नव्हतं, त्यामुळे मी दिवसभर टीव्हीसमोर बसून महापालिकेचं काय चुकलं ते बायकोला समजावून सांगितलं होतं. ऑगस्ट आणि डिसेंबरच्या मध्ये सप्टेंबर येतो, हेही तेव्हा मला माहीत होतं.

ऑडिटमध्ये पहिला धडा हाच देतात, की जे व्हाउचर जोडलेलं नाही तेच आधी मागा. हा धडा मी स्वतः नवीन पोरांना शिकवायचो. इथे तर व्हाउचर चार पानांचं जोडलेलं होतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, कार्पेटं कुणीही बदलतं. मग बायकोने ग्रेट नाग रोडवरच्या आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला फोन लावला आणि आम्ही तिघं त्रिमूर्तीनगरात गेलो. बायको गाडीजवळ गेली, काच खाली करायला लावली, पदर नाकाला लावला आणि मागे सरकली. मोगरा, चंदन, संत्र्याच्या खालून जो वास येत होता, तो माझ्यासारख्या रसिकाला आला नव्हता.

मिस्त्रीने बॉनेट उघडलंही नाही. मागच्या सीटवर बसला, सीटबेल्ट हातात घेतला आणि ओढत गेला. आपण सगळे पट्टा लागेल तेवढाच ओढतो. तो शेवटपर्यंत ओढत गेला, गुंडाळीतला शेवटचा वीतभर पट्टा बाहेर येईपर्यंत. तो वीतभर भाग तपकिरी होता, आणि त्याच्यावर चिखलाची सरळ रेघ.

“गाडी पान्यात होती, सायब,” तो म्हणाला. “सगळे सगळं धुतात. हे कोनी धुत नाई.” मग त्याने डिकीतलं स्टेपनीचं कोनाडं दाखवलं, जिथे बारीक रेती अजून शिल्लक होती, सीटखालचे गंजलेले नट दाखवले, आणि दिव्याच्या काचेच्या आत धरलेला घाम दाखवला. इंजिन चालेल म्हणाला, कदाचित दहा वर्षंसुद्धा चालेल. पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा आज नाही बोलत, दोन पावसाळ्यांनी बोलतो. कधी एअरबॅगचा दिवा लागतो, कधी काच अर्ध्यावर अडकते, कधी गाडी भर चौकात गप्प होते. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या पाऊणपटीच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. त्याच्या आत राहिला की दुरुस्त करून मालकाला परत. ही आत राहिलेली. भाच्याने हे सगळं नंतर फोनवर परत सांगितलं, फक्त मध्ये मध्ये हसण्यासाठी थांबून.

आता तुम्हाला वाटेल मी त्या मुलाशी भांडलो. भांडायला म्हणूनच वर गेलो होतो, चार जिने चढून, कारण लिफ्टमध्ये राग टिकत नाही. त्याने दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि खरोखर गोंधळून म्हणाला, “पण काका, पुराचं बिल लावलंय ना मी फाइलला. विम्याचं पत्रपण आहे मागे. म्हणूनच तर किंमत कमी सांगितली होती. तुम्ही सगळ्यावर टिक केली, मला वाटलं चालतंय तुम्हाला.”

फाइल उघडली. पुराचं पत्र होतं. त्याच्यावर टिकही होती, आणि समासात माझ्याच अक्षरात: ‘पत्रव्यवहार अद्ययावत.’

त्याने टोकनचे एकवीस हजार तिथल्या तिथे परत केले. आईने चिवड्याची पुडी बांधून दिली. बायकोने त्या मुलाला सांगितलं की फाइल फार छान ठेवलीस रे बाळा, आणि त्याने तिला सांगितलं की थँक यू काकू, एवढं नीट वाचणारं पहिल्यांदाच कोणी भेटलं.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं, पण आमच्या गाडीची जाहिरात मी काढायची विसरलो होतो. पुढच्या रविवारी एक पोरगा दारात. कॉलेज नुकतंच संपलेलं, पहिली नोकरी, पहिली गाडी घ्यायची. हातात काड्यापेटीएवढं एक यंत्र, ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं की गाडीच्या पोटातलं सगळं मोबाइलवर दिसतं म्हणे. त्याने नमस्कार केला आणि पहिलाच प्रश्न टाकला, “काका, सर्व्हिस हिस्ट्री?”

आमच्या गाडीच्या पावत्या मी कुठे ठेवतो हे जर मला माहीत असतं, तर मी ऑडिटमध्ये न राहता मंत्रालयात गेलो असतो. मी घसा खाकरला, विषय उन्हाळ्याकडे नेला. तोवर बायकोने आतून एक सुरळी आणली. कालनिर्णय. गाडी घेतल्यापासूनचं प्रत्येक वर्षाचं, एकात एक गुंडाळलेलं. आमच्याकडे दूध किती आलं, सिलिंडर कधी लावला, बाई किती दिवस आली नाही, हे सगळं तारखांच्या चौकोनात लिहिलेलं असतं हे मला माहीत होतं. त्याच चौकोनांत गाडीही आहे हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

पोरगा फरशीवर बसला आणि कॅलेंडरं पसरून वाचू लागला. सर्व्हिसिंग, तेल, बॅटरी, टायर, पुढे रक्कम, सगळं चोख. पण बायको अर्धवट काही लिहीत नाही. ‘ऑइल बदलले, ३,२००.’ ‘ह्यांनी फाटक तोडले.’ ‘दूध नाही.’ ‘ह्यांनी हँडब्रेक लावून अमरावती.’ ‘एकादशी. डावा आरसा (खांब).’ ‘उजवा आरसा (तोच खांब).’ ‘पेट्रोलच्या गाडीत डिझेल. पंपवाला नको म्हणत होता.’ पोराने तोंडावर हात धरला होता. मी मध्येच सांगायचा प्रयत्न केला की तो खांब त्या वर्षीच नवीन बसवला होता, पण कोणी ऐकत नव्हतं.

शेवटचं पान वाचून त्याने यंत्र लावून पाहिलं, बॉनेट उघडलं, टायरचे आकडे वाचले. गाडी चांगली आहे म्हणाला. कोण चालवत होतं ते कळल्यावर तर फारच चांगली आहे म्हणाला. किंमतही जवळजवळ आम्ही सांगितली तीच कबूल केली. फक्त एक विनंती होती, आणि ती तो संकोचून करत होता.

“टेस्ट ड्राइव्हला गाडी काकू घेतील का?”

काकूंनी घेतली. पोरगा पुढे तिच्या शेजारी बसला, मी मागे. अजनी चौकापर्यंत दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. म्हटलं, आपणही काहीतरी शिकलो आहोत हे त्या पोराला दिसायला हवं. मी मागचा सीटबेल्ट हातात घेतला, मिस्त्रीसारखा ओढत गेलो, अगदी शेवटचा वीतभर पट्टा बाहेर येईपर्यंत, आणि विजयाने म्हणालो, “बघ! स्वच्छ आहे.”

पट्टा स्वच्छ होता. तो परत आत मात्र गेला नाही.

पोराने किमतीतून दीड हजार कापले.